माज-निदान, गायीम्हशींतील : नाशिक परिसर व महाराष्ट्र

मादी नराचा स्वीकार करते त्या अल्प कालखंडास माज म्हणतात. गर्भधारणा झाली नाही, तर गाय व म्हैस साधारणतः २१ दिवसांनी पुन्हा माजावर येतात. गायीचा माज बहुधा १२ ते १८ तास टिकतो. हा काळ ओळखण्याचे काम पूर्वी वळूच करीत असे. कृत्रिम वीर्यसेचनाचा प्रसार झाला तसा वळू गोठ्यातून व गावातून गेला. परंतु त्याच्याकडे असलेले हे दुसरे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न मागे राहिला. महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायाच्या इतिहासात त्याकडे व्हावे तेवढे लक्ष दिले गेलेले नाही.

नाशिक जिल्ह्यात जुनी व नवी अशा दोन्ही पद्धती जवळजवळ नांदताना दिसतात. इगतपुरी तालुका व त्याला लागून असलेला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका हे डांगी जातीच्या गुरांचे माहेरघर. पांढऱ्यावर तांबडे किंवा काळे ठिपके, काळे कठीण खूर आणि तेलकट कातडी ही या जातीची लक्षणे होत. या तेलकटपणामुळे सह्याद्रीच्या धुवांधार पावसात जनावराचा निभाव लागतो. ही गुरे कळपाने डोंगरात चरतात व कळपाबरोबर वळू असतो. माजावर आलेली गाय गुराख्याच्या ध्यानात आली नाही, तरी ती वळूला कळते. घोटी व राजूर येथील बाजारांत डांगी वळू पारखून घेतला जाई, तो त्याच्या बांध्यावरून आणि चालीवरून. माज ओळखण्याची त्याची क्षमता गृहीतच धरलेली असे. निफाड, सिन्नर भागांतील बागायती गावांत मात्र संकरित गाय दावणीला बांधलेली असते. दुसऱ्या जनावरावर उडण्यास किंवा दुसऱ्याला अंगावर उडू देण्यास तिला मोकळीक नसते आणि माजाची सर्वांत खात्रीची खूणच त्यामुळे झाकली जाते.

वळूवर नियंत्रण आणण्याचा विचार वीर्यसेचनाच्या आधीचा आहे. मुंबई इलाख्यात १९३३ मध्ये पशुधन सुधारणेचा कायदा झाला आणि निकृष्ट वळूंच्या खच्चीकरणास वैधानिक आधार मिळाला. भारतात कृत्रिम वीर्यसेचनाचा पहिला प्रयोग म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत १९३९ मध्ये संपतकुमारन यांनी केला. या पद्धतीने म्हशीचे पहिले पारडू १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत जन्मले. पहिल्या पंचवार्षिक योजनेतील आधारग्राम योजनेने हे तंत्र खेड्यांपर्यंत नेले. महाराष्ट्रात त्याला खरा वेग आला तो १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या भारतीय कृषि-उद्योग प्रतिष्ठानामुळे (बाएफ). गाय केंद्रावर नेण्याऐवजी तंत्रज्ञाने शेतकऱ्याच्या दारी जावयाचे, ही या संस्थेची रीत होती. तिने प्रवासाची अडचण दूर केली. तथापि निरोप केव्हा पाठवावयाचा हे घरच्या माणसालाच ठरवावे लागे. धार काढणारी व शेणगोठा करणारी व्यक्ती बहुतेक घरांत स्त्री असल्याने ही जबाबदारी मुख्यतः तिच्यावर येऊन पडली.

या निरीक्षणाचा शब्दसंग्रह तिच्याकडे होताच. गाय हंबरते, चारा कमी खाते, दूध एकाएकी घटवते, वारंवार थोडे थोडे मुतते. काचेसारखा स्वच्छ व तार धरणारा स्राव (सोट किंवा बळस) शेपटीला चिकटलेला दिसतो. न फळता पुन्हा माजावर आलेली गाय ‘उलटली’ असे म्हणतात. म्हशीच्या बाबतीत हे ज्ञानही अपुरे पडते. तिच्यातील लक्षणे सौम्य असतात, ती अनेकदा रात्री प्रकट होतात आणि उन्हाळ्यात तर जवळजवळ लोपतात. यालाच ‘मुका माज’ म्हणतात. भाकड ठरवून विकलेल्या म्हशींत अशा मुक्या माजाच्या म्हशी किती असतील, याचा हिशेब कोठे ठेवला गेलेला नाही.

या खुणांमागील शरीरक्रिया विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उलगडली. सी. आर. स्टॉकार्ड व जी. एन. पापानिकोलाऊ यांनी १९१७ मध्ये गिनीपिगच्या योनिमार्गातील कोशिकांवरून जननचक्राच्या अवस्था ओळखल्या. एडगर ॲलन व ई. ए. डॉइझी यांनी १९२३ मध्ये अंडपुटकातील द्रवात स्त्रीमदजनाचे अस्तित्व दाखविले. प्रगर्भरक्षी हॉर्मोन शुद्ध स्वरूपात १९३४ मध्ये मिळाले. गायीत पीतपिंड नाहीसा झाला की प्रगर्भरक्षी हॉर्मोनाची पातळी उतरते, वाढत्या अंडपुटकातून स्त्रीमदजन स्रवते व माज दिसू लागतो. त्याच सुमारास पोष ग्रंथीतून पीतपिंडकारी हॉर्मोनाचा लोंढा येतो. अंडमोचन मात्र माज संपल्यावर सुमारे १० ते १२ तासांनी होते. नेब्रॅस्का येथे जी. डब्ल्यू. ट्रिंबर्गर यांनी १९४० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासातून पुढे रूढ झालेला नियम याच विलंबावर आधारलेला आहे : सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी, संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी वीर्यसेचन करावे. महाराष्ट्रातील पशुपालकांना आजही हाच नियम सांगितला जातो.

दुधातील प्रगर्भरक्षी हॉर्मोन मोजण्याची पद्धत १९७१ च्या सुमारास उपलब्ध झाली आणि जुन्या समजुतींची परीक्षा घेता आली. माजावर नसलेल्या काही गायींनाही वीर्यसेचन केले जाते, असे अनेक देशांत उघडकीस आले. अशी गाय आधीच गाभण असल्यास गर्भपाताचाही धोका संभवतो.

चुकलेल्या माजाची किंमत प्राण्यागणिक बदलते. लोकरीसाठी पाळल्या जाणाऱ्या रुपेरी कोल्ह्याची मादी वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या अखेरीस, माजावर येते. संधी हुकली तर वर्ष वाया जाते. म्हणून नॉर्वेतील पालकांनी १९८० नंतरच्या दशकात योनिमार्गातील विद्युत् रोध दररोज मोजण्याची पद्धत स्वीकारली. रोध शिखर गाठून उतरू लागला की समागमाची किंवा वीर्यसेचनाची वेळ झाली असे समजतात. महाराष्ट्राच्या माळरानावरील खोकडीचे चक्रही असेच वार्षिक आहे. मात्र ते ओळखण्याचे काम तिच्या जोडीदाराकडेच आहे. गायीला तीन आठवड्यांनी दुसरी संधी मिळते आणि कदाचित म्हणूनच तिच्या बाबतीत ढिलाई खपून गेली. दोन गायींवर घर चालविणाऱ्याला मात्र हे तीन आठवडे जड जातात : वेत लांबते, वैरण तेवढीच लागते आणि दूध मिळत नाही.

निरीक्षणाला फाटा देण्याचा प्रयत्न १९९५ मध्ये विस्कॉन्सिन येथे प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने केला. तीत ठराविक दिवशी हॉर्मोनांची अंतःक्षेपणे देऊन अंडमोचनाची वेळ ठरविली जाते. म्हशींच्या मुक्या माजावर हा उपाय उपयुक्त ठरला, परंतु औषधांचा व पशुवैद्यकाच्या फेऱ्यांचा खर्च लहान गोठ्याला सहज पेलत नाही. गायीच्या हालचाली मोजणारे गळपट्टे मोठ्या दुग्धशाळांत आले आहेत. लिंगनिर्धारित वीर्याच्या वापरामुळे तर अचूक वेळेचे मोल आणखी वाढले आहे. कारण या वीर्यातील शुक्राणूंची संख्या व टिकाव दोन्ही कमी असतात. इगतपुरीच्या डोंगरात कळपाने चरणाऱ्या डांगी गायीला मात्र ऐन माजात हेरून तंत्रज्ञापुढे आणणेच अवघड असते आणि तेथे नैसर्गिक संयोगच प्रामुख्याने चालू आहे.