परत येणार का?

मागच्या वर्षी आमच्या व्हिसाच्या फाइलमध्ये चौदा कागद होते. पेन्शनचा दाखला, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, विम्याचा कागद, विमानाचे आरक्षण, मुलीचे निमंत्रणपत्र, तिच्या पगाराच्या पावत्या. आणि सातबारा. मलकापुरातले घर आणि गावाकडची दीड एकर एवढीच आमची मालमत्ता. तो सातबारा इंग्रजीत भाषांतर करून, नोटरीचा शिक्का मारून जोडला. ‘पीक : ऊस’ हा रकाना इंग्रजीत वाचताना मला उगाचच हसू आले.

मुलीचे दिवस ऑक्टोबरात भरत होते. सप्टेंबरच्या मध्याला जायचे आणि डिसेंबरात परतायचे, असा बेत होता. पुण्याला जाऊन बोटांचे ठसे दिले, फी भरली. तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले. सोबत एक छापील पान होते आणि त्यावर एका चौकोनात खूण केलेली होती. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी तुम्ही देश सोडाल की नाही, याबद्दल वाजवी शंका आहे, अशा अर्थाचे ते वाक्य होते. म्हणजे तुम्ही परत येणार नाही असे आम्हाला वाटते. नातवाला आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिले.

आमच्या वाट्याची जमीन कसणाऱ्या आण्णांना हे सांगितले, तर ते म्हणाले, “मास्तर, ऊस उभा असताना माणूस तिकडं ऱ्हातंय होय?” मला वाटते, त्या कचेरीला द्यायचे खरे उत्तर हेच होते. पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. राग आला की माणूस आपल्या विषयाकडे वळतो, तसा मीही वळलो. परदेशी जाणाऱ्या माणसाला ‘परत येणार का?’ हा प्रश्न पहिल्यांदा कधी विचारला गेला? आणि कोणी?

सुरुवात साताऱ्यापासूनच केली. सप्टेंबर १८३९ मध्ये कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे सुमारे चौदा वर्षे राहिले. त्यांच्याजवळ पासपोर्ट नव्हता, व्हिसाही नव्हता, कारण इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरायला तेव्हा असे काही लागतच नसे. ते तिथे इंग्रजी शिकले, जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखे पाठीराखे त्यांना मिळाले, अर्जांमागून अर्ज छापून वाटले गेले. पण लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीने त्यांना महाराजांचे वकील म्हणून मान्यता दिली नाही. देशात शिरायला कुणाची आडकाठी नव्हती, अडवणूक झाली ती कचेरीच्या दारात. तिकडे १८४७ मध्ये महाराज काशीला वारले, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. ज्यांच्यासाठी गेले ते उरले नाहीत, तरी रंगो बापूजी परत आले. पुढे सत्तावन्नच्या धामधुमीत साताऱ्यात ज्यांना देहान्त शिक्षा झाली, त्यांत त्यांचा मुलगा होता. ते स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

त्या काळात परतण्याची चौकशी होत असे ती आपल्याकडेच. समुद्र ओलांडून आलेल्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचे की नाही, हे जात ठरवी, आणि प्रायश्चित्ताची पावती हाच त्याचा शिक्का. तेव्हा आपल्या लोकांनीही या बाबतीत काही मोठेपणा दाखवला होता, असे म्हणवत नाही.

कागद आले ते पहिल्या महायुद्धात. तोवर युरोपातल्या बऱ्याच देशांत पासपोर्टावाचून फिरता येत असे. युद्धामुळे हेरांची भीती वाढली आणि सीमेवर चौक्या बसल्या. हिंदुस्थानातून बाहेर पडायलाही पासपोर्ट लागू लागला. हा कागद म्हणजे काय चीज आहे, हे महाराष्ट्राला कळले १९१८ मध्ये. होमरूलची मागणी विलायतेत मांडण्यासाठी लोकमान्य टिळक निघाले. बरोबर दादासाहेब खापर्डे, न. चिं. केळकर, बिपिनचंद्र पाल आणि आमच्या साताऱ्याचे वकील रघुनाथ पांडुरंग करंदीकर होते. सगळ्यांकडे सरकारनेच दिलेले पासपोर्ट होते. मंडळी मद्रासमार्गे कोलंबोला पोचली आणि तिथे एप्रिलमध्ये कळले, की लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने पासपोर्ट रद्द केले आहेत. बोट पुढे गेली, माणसे मागे फिरली.

त्याच वर्षी सप्टेंबरात टिळकांना विलायतेला जाऊ दिले गेले, पण व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या खटल्यासाठी आणि राजकीय चळवळ करणार नाही या अटीवर. ही अट मला फार ओळखीची वाटते. माझ्या अर्जातही ‘प्रवासाचा हेतू’ असा रकाना होता. टिळक लंडनला कशासाठी जात होते, हे सरकारला पक्के ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांना अडवले होते. माझा हेतू काय, हे त्या कचेरीला ठाऊक नव्हते आणि म्हणून मला अडवले. शंभर वर्षांत शिक्का तोच राहिला, कारण मात्र उलटे झाले.

युद्ध संपल्यावर १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला पासपोर्टांविषयी परिषद भरली. ही बंधने पुढे उठावीत, अशी आशा तिथे व्यक्त झाली, आणि तोवर सोय म्हणून सगळ्या देशांच्या पासपोर्टांचा नमुना सारखा करावा, असे ठरले. सोय तेवढी टिकली. हिंदुस्थानात त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा झाला.

मलकापूरच्या जवळच गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कुस्तीतले कांस्यपदक घेऊन परतले आणि कराडहून गावापर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. योगायोग असा, की त्याच १९५२ साली अमेरिकेने आपला नवा स्थलांतर कायदा केला. त्यातले २१४(ब) हे कलम आज व्हिसाच्या रांगेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे धरून चालायचे, आणि तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. फौजदारी खटल्यात आरोपीलाही एवढे करावे लागत नाही.

आपल्या सरकारचेही वागणे फार वेगळे नव्हते. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निकाल दिला. मग त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. निळी पुस्तिका ही मेहरबानी राहिली नाही.

पण हा निम्माच रस्ता झाला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले तेरावे कलम मी वर्गात अनेकदा वाचून दाखवले आहे. कोणालाही आपला देश सोडून जाण्याचा आणि परत येण्याचा हक्क आहे, असे ते सांगते. दुसऱ्या देशात शिरण्याचा हक्क त्यात नाही. शिकवताना हे माझ्या लक्षात आले नव्हते. एका दारातून बाहेर पडायचा हक्क आहे, समोरच्या दारातून आत जायचा नाही. व्हिसा या दोन दारांच्या मधल्या जागेत राहतो.

ही दारे एकदम मिटली नाहीत. ब्रिटनला नुसते भेटीला जायचे तर भारतीय माणसाला १९८६ पर्यंत आधी व्हिसा काढावा लागत नसे. माझे एक ज्येष्ठ सहकारी सत्तरीच्या दशकात भावाकडे लंडनला जाऊन आले. विमानतळावर चार प्रश्न विचारले, शिक्का मारला, झाले. ते हे सांगतात तेव्हा ऐकणारी पोरे गोष्ट ऐकल्यासारखी बघतात. आता मुंबईत किंवा पुण्यात आपल्याला भेटतो तो वकिलातीचा माणूसही नसतो. कागद गोळा करण्याचे काम खासगी कंपनीकडे असते. अर्ज वाचणारा माणूस दिसत नाही, त्यामुळे त्याला आण्णांचे वाक्य ऐकवायचीही सोय नाही.

त्या अधिकाऱ्याची बाजूही मी समजून घेतो. मुदत संपल्यावर तिकडेच राहणारे लोक आहेत, आपल्या ओळखीतही आहेत. त्याच्यासमोर रोज कागदांचा ढीग असतो आणि कागदावरून माणसाचे मन ओळखायचे असते. रंगो बापूजींचा अर्ज त्याच्यापुढे आला असता तर? राज्य गेलेले, धनी कैदेत, उत्पन्नाचा दाखला नाही, मुक्कामाची मुदत अनिश्चित. नक्कीच चौकोनात खूण झाली असती. आणि तरी ते परत आले.

नातू आता रांगतो. येत्या सप्टेंबरासाठी आम्ही पुन्हा अर्ज करतो आहोत. या वेळी सोबत एक पानभर पत्र जोडणार आहे. आडसाली ऊस म्हणजे काय, तो केव्हा लावला, तोड साधारण कधी येईल आणि तेव्हा मालकाने बांधावर का असावे लागते, हे त्यात लिहिले आहे. इंग्रजीत ‘तोड’ला काय म्हणावे, यावर बायकोशी अर्धा तास वाद झाला. शेवटी शब्द तसाच ठेवला आणि पुढे दोन ओळींत अर्थ समजावून सांगितला. पत्रासह आता कागद पंधरा झाले आहेत.