कल्याणीचा राजा आणि सुईएवढी माशी

युरोपातल्या नद्यांत सामन आणि समुद्री ट्राउट पकडण्यासाठी एक भन्नाट प्रकार वापरतात. सुईसारख्या बारीक धातूच्या नळीवर थोडेसे केस दोऱ्याने बांधायचे, शेपटाशी गळ. झाली नकली 'माशी' तयार! गंमत अशी, की समुद्रातून नदीत परतलेला सामन जवळजवळ काही खातच नाही. तो त्या माशीवर झडप घालतो ती बहुधा चिडून किंवा जुन्या सवयीने. म्हणजे हे आमिष नाहीच, ही खोडी आहे.

मोहोळजवळच्या सीनेत ट्राउट कुठला! आमच्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा, आणि लागली तर चिलापी. पण सोलापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आज कर्नाटकात असलेल्या बसवकल्याणला, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीला, तिसऱ्या सोमेश्वराने 1129च्या सुमारास 'मानसोल्लास' लिहिला. शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ. मराठी बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यातलीच, म्हणून आपल्याला तो ऐकून माहीत असतो. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरणही आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सुमारे 35 प्रकारचे मासे, कुठला समुद्रातला, कुठला नदीतला, कुणाला खवले आहेत, कुणाला नाहीत आणि कुणाला काय खायला घालायचं, सगळं आहे. चक्क युजर मॅन्युअल!

इंग्रजीतलं गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक 1496चं, म्हणजे साडेतीनशेहून जास्त वर्षांनंतरचं. आता लगेच "बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं" असा फॉरवर्ड करू नका. त्या पुस्तकात बारा नकली माश्या कशा बांधायच्या ते दिलंय, सोमेश्वराचा भर खाद्यावर आहे. आणि पिसांची माशी त्याहूनही जुनी. मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसं लावत, असं एलियनने इ. स. 200च्या आसपास लिहून ठेवलंय. खरा किडा हात लागताच बिघडतो, म्हणून ही युक्ती. आपले मासे नदीत भरपूर खातात, त्यामुळे इथे खाद्याचाच अभ्यास झाला, हे मला तरी पटतं.

मला खटकतं ते वेगळंच. तिकडे 1496 नंतर 1653 साली वॉल्टन आला, प्रत्येकाने आधीच्यात भर घातली, आणि ती साखळी आजच्या सुईमाशीपर्यंत पोचली. इकडे राजाचा ग्रंथ पोथ्यांत राहिला. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला पहिला खंड बडोद्याला छापला गेला तो थेट 1925 साली. एकदाच कमिट केलेला कोड, पुढे कुणी हात लावला नाही.

आणि राजाला ही माहिती कुणी दिली असेल? गळ टाकून पोट भरणाऱ्यांनीच ना! त्यांची नावं ग्रंथात नाहीत. त्यांच्यासारख्यांचे शब्द पुढे टिकले ते भलतीकडेच. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्याने शास्त्रीय नावांत घेतली. मुळा-मुठेतल्या महाशीर माशाचं नाव म्हणून आजही जगभर 'टॉर खुद्री' आहे.