हरित संगणन, महाविद्यालयीन (जालना जिल्हा)

महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा, कार्यालय, ग्रंथालय आणि परीक्षा विभाग यांत संगणकासाठी खर्च होणारी वीज आणि त्याच संगणकातून छापून निघणारा कागद कमी करण्याच्या उपायांना मिळून हरित संगणन म्हणतात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याला स्वतःचे राज्य विद्यापीठ नाही. जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी (स्थापना १९५८, नामविस्तार १४ जानेवारी १९९४) संलग्न आहेत. जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, बद्रीनारायण बारवाले महाविद्यालय आणि मत्स्योदरी शिक्षण संस्थेची महाविद्यालये ही त्यांपैकी परिचित नावे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे, पण ते अभिमत विद्यापीठाचे संकुल असल्याने त्याचा कारभार वेगळा चालतो.

या रचनेमुळे येथे विद्यापीठीय संगणनाचा प्रश्न मुख्यतः संलग्न महाविद्यालयाचा होतो. परिपत्रक विद्यापीठातून निघते. त्याची प्रिंट जालना, अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर किंवा घनसावंगीच्या कार्यालयात निघते. म्हणून कोणताही उपाय पारखताना एकच प्रश्न आधी विचारावा लागतो: कागद आणि वीज खरोखर वाचली, की विद्यापीठातून महाविद्यालयात आणि तेथून विद्यार्थ्याच्या खिशावर सरकली?

वीज : विजेचे एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालवण्यास लागणारी वीज. जुन्या काचेच्या नळीचा पडदा एकटाच ६० ते ८० वॅट घेत असे. आजचा सपाट पडदा साधारण १५ ते २५ वॅटवर भागवतो. पडद्यासह साधा डेस्कटॉप काहीही काम न करता नुसता चालू असला, तरी ६० वॅटच्या आसपास वीज ओढू शकतो. निद्रावस्थेत ठेवला तर तोच ३ वॅटच्या आत-बाहेर येतो. चाळीस संगणकांची प्रयोगशाळा संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ अशी चालू राहिली, तर एका रात्रीत सुमारे ३८ युनिटे जातात. निद्रावस्थेत हाच आकडा दोन युनिटांच्या खाली राहतो. वर्षात अशा दोनशे रात्री धरल्या, तर साडेसात हजारांहून अधिक युनिटे होतात, आणि देशाच्या वीजजाळ्याच्या सरासरीने एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर पाच टनांवर. या हिशेबात एकही नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. प्रयोगशाळा सहायकाने एकदा बसून प्रत्येक संगणकात दहा-पंधरा मिनिटांची मुदत लावायची, इतकेच काम आहे.

पडद्यावर हलणारी चित्रे दाखवणारा ‘स्क्रीनसेव्हर’ वीज वाचवतो, हा समज अजून टिकून आहे. तो जुन्या नळीच्या पडद्यावर एकाच चित्राचा कायमचा डाग पडू नये म्हणून निघाला होता. विजेच्या बचतीशी त्याचा संबंध नाही; पडदा काळा होऊन झोपी गेला तरच वीज वाचते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ ही खूण सुरू केली तेव्हा तिचा पहिला मान संगणक आणि पडद्यांना मिळाला, तो रिकामा संगणक आपोआप झोपावा याच हेतूने. भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यानुसार ऊर्जा दक्षता ब्यूरो १ मार्च २००२ रोजी स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर तारे दिसू लागले. महाराष्ट्रात या कायद्याखालचे काम १९८५ पासून असलेली ‘महाऊर्जा’ ही संस्था पाहते.

मराठवाड्यात मात्र संगणक चालू ठेवण्याच्या सवयीला दुसरेही कारण होते. २००५ नंतरची काही वर्षे तालुक्याच्या गावांनी तासन्‌तास भारनियमन सोसले. वीज असेपर्यंत सगळी यंत्रे सुरू ठेवायची आणि गेली की यूपीएसवर काम उरकायचे, अशी कार्यालयांची रीत पडली. भारनियमन सरले, रीत राहिली. यूपीएसची बॅटरी भरताना आणि तिच्यातून वीज घेताना काही वाटा उष्णतेत जातो, म्हणून रात्री संगणकाबरोबर यूपीएसचेही बटण बंद करणे हा बचतीचाच भाग आहे. जालन्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हीच उष्णता दुहेरी महाग पडते: संगणकाने ओतलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्र पुन्हा वीज घेते. १ जानेवारी २०२० पासून खोलीचे नवे वातानुकूलन यंत्र सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावे, असा केंद्राचा नियम आहे. सर्व्हरच्या खोलीतही त्याहून खाली जाण्याची गरज सहसा नसते.

पोलाद कारखान्यांच्या जालना शहरात प्रयोगशाळेची वीज म्हणजे खिजगणतीतही नसलेली गोष्ट, असे कोणी म्हणेल. भट्टीपुढे चाळीस संगणक नगण्य आहेत हे खरेच. पण मराठवाड्यात वीज आणि पाणी यांचे नाते पुस्तकातून शिकावे लागत नाही. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. कागदाचा लगदा करायलाही पाणीच लागते. या प्रदेशात संगणकाचे बटण बंद करण्याला जो अर्थ येतो, तो पाण्याच्या या हिशेबातून येतो.

कागद : ए-फोर आकाराच्या ७५ ग्रॅमी कागदाचा पाचशे तावांचा रीम सुमारे २.३ किलो भरतो. महाविद्यालयात हा कागद सर्वाधिक कुठे जातो, हे पाहू गेल्यास परीक्षा आणि जर्नल (प्रात्यक्षिकांची नोंदवही) ही दोन नावे आधी येतात.

पूर्वी प्रश्नपत्रिका मुद्रणालयात छापून, मोहरबंद पाकिटांतून जीपने केंद्रावर येत. विद्यापीठापासून जालना सुमारे ६० किलोमीटर, मंठा-परतूर त्याहून दूर. राज्यातील विद्यापीठांनी पुढे प्रश्नपत्रिका सांकेतिक कुलूप लावून ऑनलाइन पाठवण्याची पद्धत स्वीकारली. तीमुळे पाकिटे, वाहतूक आणि उरलेल्या प्रतींचे गठ्ठे कमी झाले, पेपरफुटीचाही एक रस्ता बंद झाला. छपाई मात्र केंद्रावर आली. पेपर सुरू होण्याआधीच्या तासाभरात महाविद्यालयाच्या लेझर प्रिंटरने किंवा झेरॉक्स यंत्राने शेकडो प्रती काढायच्या असतात. लेझर यंत्रात शाई कागदावर वितळवून बसवणारा रूळ दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, आणि छपाईच्या वेळी यंत्र काहीशे वॅट घेते. चार पानी प्रश्नपत्रिका तीनशे परीक्षार्थींसाठी एकतर्फी काढली तर १,२०० ताव लागतात. पाठपोट काढली तर ६००. पाठपोट छापणारे यंत्र घेण्याचा निर्णय म्हणूनच परीक्षा विभागाच्या सोयीपुरता राहत नाही. ते नसेल तर कागदाचा जो भार विद्यापीठाने उतरवला, तो महाविद्यालय दुपटीने उचलते.

उत्तरपत्रिकेचे प्रकरण आणखी बोलके आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांना पडद्यावरील मूल्यांकन एकदम लागू केले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या होत्या. निकाल महिनोन्‌महिने रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या घटनेची चर्चा निकालाच्या अंगाने पुष्कळ झाली. कागदाच्या अंगाने पाहिले तर लक्षात येते की या पद्धतीत उत्तरपत्रिकेचा एक तावही वाचत नाही. विद्यार्थी कागदावरच लिहितो. त्यावर स्कॅनर, सर्व्हर आणि परीक्षकाचा पडदा यांची वीज वाढते. गठ्ठ्यांची ने-आण वाचते आणि गुणांची बेरीज चुकत नाही, हे तिचे खरे लाभ आहेत आणि ते मोलाचे आहेत. कागद-बचत म्हणून तिची गणना करू नये. उत्तरपत्रिकेतला कागद वाचवायचा तर विषयाच्या गरजेइतक्याच पानांची पुस्तिका द्यावी. प्रत्येक परीक्षेला जाड पुस्तिका दिली की मागची कोरी पाने मुदतीनंतर रद्दीत जातात.

संगणकशास्त्राच्या जर्नलमधली उधळपट्टी मनाला जास्त लागते. विद्यार्थी आज्ञावली संगणकावर लिहितो, तिथेच ती चालवून पाहतो, आणि मग तीच आज्ञावली व तिचे फलित एकतर्फी छापून, फाइलला लावून, शिक्षकांची सही घेतो. एका विषयाच्या जर्नलला पन्नास ताव धरले, तर चार विषयांचे दोनशे आणि पन्नास जणांच्या वर्गाचे दहा हजार होतात: वीस रीम, सुमारे ४६ किलो. हा कागद महाविद्यालयाच्या खरेदीत कुठेच दिसत नाही, कारण तो बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात, शेतकऱ्याच्या मुलाच्या पैशांनी छापला जातो. बचतीचा कुठलाही अहवाल हा आकडा धरत नसेल, तर तो अपुरा आहे. आज्ञावली प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर तारखेनिशी जमा करून घेणे आणि सही फक्त अनुक्रमणिकेच्या एका तावावर करणे, एवढ्याने यातले बहुतेक कागद थांबू शकतात. बहिःस्थ परीक्षकाला चालू आज्ञावली पाहता येते, हे छापील पानाहून अधिक भरवशाचे.

शिष्यवृत्तीच्या अर्जांबाबतही असेच घडते. राज्य शासनाच्या ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर अर्ज भरून दाखले चढवल्यावर अर्जाची प्रिंट आणि दाखल्यांच्या झेरॉक्स प्रती महाविद्यालयात देण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. दाखले संगणकीय रूपात ठेवणारी डिजिलॉकर ही सरकारी सुविधा २०१५ पासून उपलब्ध आहे आणि त्यातील दाखला मूळ दाखल्याच्या तोडीचा मानावा, अशी तरतूद २०१७ पासून नियमांत आहे. तरी लेखापरीक्षणात आक्षेप येईल या धास्तीने लिपिक प्रत मागून घेतो. त्याची धास्ती खोटी नाही. तिचे निवारण वरून स्पष्ट लेखी आदेशानेच होते. त्याला बचतीचे व्याख्यान देऊन होत नाही.

मराठी कार्यालयांत कागद वाढण्यामागे लिपीचेही एक कारण होते आणि ते बाहेरच्या ग्रंथांत सापडणार नाही. श्रीलिपी, आकृतीसारख्या फाँटांत टंकलेले पत्र तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. ईमेल असूनही मराठी पत्र छापूनच पाठवावे लागे, आणि आलेले पत्र दुरुस्त करायचे तर पुन्हा टंकावे लागे. देवनागरीला १९९१ मध्ये युनिकोड या सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या पहिल्या आवृत्तीतच जागा मिळाली होती; कार्यालयांच्या टेबलापर्यंत ती पोहोचायला दोन दशके लागली. युनिकोड रुळल्यावर परिपत्रक जसेच्या तसे दुसऱ्या संगणकावर वाचता, शोधता आणि बदलता येऊ लागले. कागद वाचवणाऱ्या तंत्रांत याला वरचे स्थान द्यायला हवे.

जगातला अनुभवही सावध करणारा आहे. ॲबिगेल सेलन आणि रिचर्ड हार्पर यांनी कागदविरहित कार्यालयाच्या कल्पनेचा अभ्यास करून नोंदवले की ईमेल आल्यावर संस्थांमधील कागदाचा वापर सरासरी ४० टक्क्यांनी वाढला. लिहिणे आणि पाठवणे स्वस्त झाले की छापणेही वाढते.

पाठकोरा कागद जपण्याची आपली जुनी सवय इथे कामी येते. एका बाजूने छापलेला कागद कच्च्या कामासाठी वेगळ्या खणात ठेवणे, त्याची टिपणवही शिवणे, हे जुन्या शिक्षकांनी कोणत्याही परिपत्रकावाचून केले. गोपनीय गुणपत्रके आणि विद्यार्थ्यांचे आधार-दाखले मात्र पाठकोरे म्हणून वापरू नयेत.

मोजणी व निर्लेखन : राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या (नॅक) २०१७ च्या आराखड्यात सातव्या निकषाखाली पर्यायी ऊर्जा, कचरा व्यवस्थापन आणि हरित व ऊर्जा लेखापरीक्षण यांची विचारणा आहे. त्यामुळे छोट्या महाविद्यालयांतही हा विषय कागदोपत्री आला. परीक्षणाला अर्थ येतो तो प्रयोगशाळेचे स्वतंत्र मीटर आणि रीमच्या खरेदीची महिनेवारी नोंद असली तर. संपूर्ण इमारतीच्या एका वीजबिलावरून संगणकांची वीज कळत नाही.

बंद पडलेले संगणक डेडस्टॉक रजिस्टरवर (कायम मालमत्तेच्या नोंदवहीत) नोंद असल्यामुळे वर्षानुवर्षे कोठीत पडून राहतात. निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करण्याची, मंजुरी मिळेपर्यंत त्यांतले वापरण्याजोगे भागही निकामी होतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या प्रमाणावर उपकरणे वापरणाऱ्या संस्थेने असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्प्रक्रिया करणारा यांच्याकडेच द्यायचा आहे. भंगारवाल्याच्या हातगाडीवर तो चढला की तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि जुन्या पडद्याच्या काचेतले शिसे मातीत उतरते.