टी-शर्टवर स्वतःचं डिझाइन छापून घ्यायचंय? छपाईची पद्धत, फाइल आणि मराठी अक्षरं : संपूर्ण माहिती



गणेशोत्सव मंडळ असो, ढोल-ताशा पथक असो, नाहीतर शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर. सगळ्यांचे सारखे टी-शर्ट हवेतच! डिझाइन मोबाइलवर करता येतं आणि छपाईची दुकानंही आता गावोगाव झाली आहेत. तरीही पैसे वाया जातात. कसे, ते आमच्याच अनुभवावरून सांगतो.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपनं वर्गणी काढून ३५ टी-शर्ट छापायला दिले. पाठीवर मजकूर होता, 'दऱ्याखोऱ्यांचे सोबती'. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर आमचा फॉन्ट नव्हता, म्हणून त्यानं मजकूर पुन्हा टाइप केला. हातात आले तेव्हा टी-शर्टवर होतं, 'दर्याखोर्यांचे सोबती'. दऱ्या म्हणजे डोंगरातली दरी, आणि दर्या म्हणजे समुद्र. सह्याद्रीत फिरणारे आम्ही थेट खलाशी झालो! चूक फक्त दुकानदाराची नव्हती. आम्हीच नमुना न तपासता 'छापा' म्हणून सांगितलं होतं.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमानं पाहूया.

१. आधी कापड ठरवा

छपाईची पद्धत कापडावर अवलंबून असते, म्हणून सुरुवात कापडापासून करा. रोज वापरायला कॉटन चांगलं. खेळासाठी किंवा मॅरेथॉनसाठी पॉलिएस्टरचं 'ड्राय फिट' कापड घेतात, कारण ते लवकर वाळतं.

दुकानात 'किती जीएसएम?' असा शब्द कानावर येईल. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १८० च्या आसपासचं कॉटन नेहमीच्या वापराला ठीक असतं. आकडा जितका कमी तितकं कापड पातळ.

२. छपाईच्या मुख्य पद्धती

- स्क्रीन प्रिंटिंग : जाळीतून शाई कापडावर ओढतात. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी बनवावी लागते, म्हणून सुरुवातीचा खर्च जास्त. पण एकदा जाळी तयार झाली की नग वाढतील तसा एका टी-शर्टचा खर्च कमी होतो. एक-दोन रंगांचं डिझाइन आणि भरपूर नग असतील तर हीच पद्धत निवडा. नीट पक्की केलेली छपाई वर्षानुवर्षं टिकते.
- डीटीएफ : डिझाइन आधी एका खास फिल्मवर छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर आणि गोंदाची पावडर देतात. मग हीट प्रेसनं ते कापडावर चिकटवतात. कॉटन, पॉलिएस्टर, काळा, पांढरा, सगळ्यावर चालतं. एक नगही छापून मिळतो. तोटा एवढाच की मोठा भरीव चौकोन छापला तर तिथे प्लॅस्टिकसारखं लागतं आणि घाम येतो.
- डीटीजी : प्रिंटर थेट कापडावर छापतो. कॉटनवर फोटो किंवा बारीक छटा असलेलं चित्र हवं असेल तर उत्तम. गडद कापडावर आधी एक द्रावण मारावं लागतं, त्यामुळे खर्च वाढतो.
- सब्लिमेशन : सुमारे २०० अंश सेल्सियस उष्णतेनं शाईची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. हाताला काहीच लागत नाही, सोलून निघण्याचा प्रश्न नाही. पण कॉटनवर हा रंग टिकत नाही. यात पांढरी शाई नसते, म्हणून कापड पांढरं किंवा फिकंच लागतं.
- व्हिनाइल : रंगीत शीट मशिननं कापून उष्णतेनं चिकटवतात. जर्सीच्या पाठीवर प्रत्येकाचं वेगळं नाव आणि नंबर टाकायला सोयीचं.

३. फाइल कशी द्यायची?

फोटोसारखं डिझाइन असेल तर प्रत्यक्ष छापायच्या मापात ३०० डीपीआय ठेवा. हिशेब सोपा आहे : १० इंच रुंद छपाई हवी तर १० × ३०० = ३००० पिक्सेल रुंदी. इंटरनेटवरून घेतलेलं ५०० पिक्सेलचं चित्र ताणून मोठं केलं तर ते फाटल्यासारखं दिसणारच.

पार्श्वभूमी नको असेल तर पीएनजी फाइल द्या. जेपीजीमध्ये पारदर्शक भाग राहत नाही, त्यामुळे काळ्या टी-शर्टवर लोगोभोवती पांढरा चौकोन येतो. लोगो आणि अक्षरांसाठी सगळ्यात चांगली म्हणजे व्हेक्टर फाइल, म्हणजे एसव्हीजी किंवा पीडीएफ. ती कितीही मोठी केली तरी कडा स्वच्छ राहतात.

आणि हो, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दर्जा घसरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

४. मराठी अक्षरं : इथेच घोळ होतो

इंग्रजी अक्षरं एकापुढे एक सुटी बसतात. देवनागरीत वेलांटी आधी येते, रफार डोक्यावर जातो, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. हे काम फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. त्यातलं एक जरी बदललं तरी 'शिव'ची वेलांटी भलतीकडे जाते.

उपाय एकच : मजकूर पक्का झाला की अक्षरांचं रूपांतर आकारात करा. मग समोरच्याकडे फॉन्ट असो वा नसो, काही बदलत नाही.

- कोरलड्रॉ : मजकूर निवडून कंट्रोल + क्यू
- इलस्ट्रेटर : कंट्रोल + शिफ्ट + ओ
- इंकस्केप (मोफत) : कंट्रोल + शिफ्ट + सी

असं केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइलची एक प्रत जपून ठेवा.

फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवर मुक्त, बलू, मोदक असे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात आणि विक्रीच्या वस्तूंवरही वापरता येतात. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर 'टिरो देवनागरी मराठी' पाहा.

५. रंग

मोबाइलचा पडदा प्रकाशानं रंग दाखवतो, कापडावर शाई असते. त्यामुळे स्क्रीनवर झगझगीत दिसणारा भगवा कापडावर थोडा मंद येऊ शकतो. पथकाचा किंवा मंडळाचा ठरलेला रंग असेल तर कापडाचा तुकडा किंवा जुना टी-शर्ट नमुना म्हणून द्या.

६. 'छापा' म्हणण्याआधी

- सगळ्या नगांआधी एक नमुना छापून मागा. नग कमी असतील तर निदान अंतिम फाइलचा स्क्रीनशॉट घ्या.
- वेलांटी, रफार, ऱ्य, अनुस्वार आणि जोडाक्षरं मोठ्यानं वाचून तपासा. डिझाइन न केलेल्या माणसाकडूनही वाचून घ्या.
- साइजची यादी लिहून द्या. 'एल' प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून छातीचं माप इंचात विचारा.
- कंपनीचा लोगो किंवा सिनेमाचं पोस्टर परवानगीशिवाय छापून विकू नका. ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचा कायदा टी-शर्टलाही लागू होतो.

७. धुताना

पहिली धुलाई एक दिवसानंतर करा. टी-शर्ट उलटा करून थंड पाण्यात धुवा आणि छपाईवर थेट इस्त्री फिरवू नका.

थोडक्यात काय निवडायचं?

नग भरपूर, रंग कमी : स्क्रीन प्रिंटिंग. नग थोडे, रंग अनेक : डीटीएफ. कॉटनवर फोटो : डीटीजी. पांढरी स्पोर्ट्स जर्सी : सब्लिमेशन. फक्त नाव-नंबर : व्हिनाइल.

आमचे ते ३५ टी-शर्ट आम्ही अजून घालतो. वाटेत कुणी विचारतं, 'कोकणातले का?' तुम्ही मात्र नमुना आधी वाचा, मग पैसे द्या!