स्वतंत्र यदृच्छ चलांचे संयोजन : मध्य व प्रमाण विचलन

ज्याचे प्रत्यक्ष मूल्य यदृच्छेने ठरते, परंतु ज्याच्या निरनिराळ्या मूल्यांची संभाव्यता निश्चित असते, त्या राशीस यदृच्छ चल म्हणतात. अशा चलांच्या बेरजेने वा वजाबाकीने सिद्ध होणाऱ्या नव्या चलाचा मध्य व प्रमाण विचलन हे घटकांच्या मध्य-विचलनांवरून काढण्याचे नियम संख्याशास्त्रात पायाभूत समजले जातात.

मध्याचा नियम सरळ आहे. बेरजेचा मध्य ही मध्यांची बेरीज आणि वजाबाकीचा मध्य ही मध्यांची वजाबाकी असून, चले परस्परावलंबी असली तरी त्यास बाध येत नाही. प्रमाण विचलने मात्र अशी थेट मिळवता येत नाहीत. चले स्वतंत्र असता विचलनांचे वर्ग, म्हणजे प्रचरणे, मिळवून त्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते. चलास स्थिरांकाने गुणले असता प्रचरण त्या स्थिरांकाच्या वर्गाने गुणले जाते, आणि उणे एकाचा वर्ग अधिक एक असल्यामुळे वजाबाकीतही प्रचरणांची बेरीजच होते.

उदाहरणार्थ, लेथवर कातलेल्या शाफ्टच्या व्यासाचा मध्य २५.०० मिलिमीटर व प्रमाण विचलन ०.०४, आणि त्यावर बसवावयाच्या बुशच्या भोकाचा मध्य २५.१० व विचलन ०.०३ असेल, तर दोहोंमधील फटीचा मध्य ०.१० येतो, आणि ०.००१६ व ०.०००९ यांची बेरीज ०.००२५ असल्यामुळे फटीचे विचलन ०.०७ नव्हे, तर ०.०५ ठरते. वितरण प्रसामान्य मानल्यास फट शून्याहून कमी, म्हणजे शाफ्ट बुशमध्ये न शिरण्याजोगा, असण्याची संभाव्यता सुमारे २.३ टक्के होय.

एकाच वितरणाच्या शंभर स्वतंत्र चलांच्या बेरजेचे विचलन या न्यायाने शंभरपट नव्हे, तर दहापट होते. एकच चल शंभराने गुणले तर मात्र ते शंभरपट होते. हा भेद ध्यानी न आल्याचे ऐतिहासिक उदाहरण म्हणून संख्याशास्त्राचे इतिहासकार स्टीफन स्टिगलर यांनी इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीतील ‘पिक्स’च्या चाचणीकडे लक्ष वेधले आहे. तेराव्या शतकापासून चालत आलेल्या या चाचणीत नाण्यांची रास एकत्र तोलीत आणि वजनातील माफीची मर्यादा राशीच्या प्रमाणात वाढवीत. त्यामुळे मोठ्या राशीस दिलेली माफी तिच्या स्वाभाविक विचलनाहून पुष्कळच अधिक पडे आणि ठरीव वजनाहून किंचित हलकी नाणी पाडणारा कारागीरही निर्वेधपणे सुटू शके.

प्रचरणांच्या बेरजेचा नियम फ्रेंच गणिती बिएनेमे यांनी १८५३ मध्ये प्रसिद्ध केला. १८६७ मध्ये चेबिशेव्ह यांनी त्याच्याच आधारे बृहत्संख्या नियमाची सोपी सिद्धता दिली.

चले स्वतंत्र नसल्यास सहप्रचरणाची, म्हणजे दोन चले एकत्र बदलण्याच्या मापाची, दुप्पट बेरजेच्या प्रचरणात मिळवावी आणि वजाबाकीच्या प्रचरणातून वजा करावी लागते. म्हणूनच शाफ्ट व बुश हे दोन्ही भाग एकाच तापमानबदलाने एकदम लहानमोठे होत असतील, तर फटीचे खरे विचलन वरील रीतीने काढलेल्या आकड्याहून कमी भरते.