कट्ट्यावर दोन तास गप्पा, पण आयईएलटीएसमध्ये दोन मिनिटं बोलताना का अडकतं?

संध्याकाळी सहानंतर धुळ्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहा. देवपूर असो, साक्री रोड असो की पाचकंदील, चार-पाच पोरं उभी असतातच. कापसाचा भाव, पोलीस भरतीची तारीख, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं असे एकातून दुसरे विषय निघत राहतात. दोन तास कसे गेले ते कळतही नाही.

आता याच टोळक्यातल्या एकाला आयईएलटीएसच्या परीक्षकासमोर बसवा. प्रश्न साधाच आहे, "तुला मित्रांशी गप्पा मारायला आवडतं का?" यावर उत्तर येतं, "यस, आय लाइक इट व्हेरी मच." आणि पुढे शांतता.

विषय रोजचा आणि माणूस बोलका. मग गाडी अडते कुठे? समजून घेऊया.

आधी परीक्षा काय आहे ते पाहू

परदेशात शिक्षण, नोकरी किंवा स्थलांतरासाठी इंग्रजी किती येतं हे तपासणारी आयईएलटीएस ही परीक्षा 1989 पासून याच नावाने चालते. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्थांची ती संयुक्त परीक्षा आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे तिचे चार भाग असतात. प्रत्येक भागाला 0 ते 9 मध्ये बँड मिळतो आणि चारही बँडची सरासरी म्हणजे तुमचा एकूण बँड. निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरला जातो.

बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. समोर खराखुरा माणूस असतो, कधी त्याच खोलीत तर कधी व्हिडिओ कॉलवर. सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. तिचे तीन टप्पे असे:

- पहिला टप्पा (4 ते 5 मिनिटं): घर, शिक्षण, काम, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर छोटे प्रश्न. मित्रांशी गप्पा हा विषय इथला.
- दुसरा टप्पा (3 ते 4 मिनिटं): हातात एक कार्ड मिळतं. उदाहरणार्थ, ज्याच्याशी बोलायला आवडतं अशा मित्राबद्दल सांगा. तयारीला 1 मिनिट, टिपणं काढायला कागद-पेन्सिल, मग 1 ते 2 मिनिटं सलग बोलायचं.
- तिसरा टप्पा (4 ते 5 मिनिटं): त्याच विषयावर मोठे प्रश्न. मोबाइलमुळे मैत्री बदलली का? म्हातारपणी मित्र कमी का होतात?

अर्ध्या बँडने काय होतं?

समजा एकाला ऐकण्यात 6.5, वाचण्यात 6.5, लिहिण्यात 6 आणि बोलण्यातही 6 मिळाले. सरासरी 6.25. नियमानुसार ती वर सरकते आणि एकूण बँड होतो 6.5. आता बोलण्यात 6 ऐवजी 5.5 मिळाले असते तर? सरासरी 6.125 आणि एकूण बँड 6.

अनेक विद्यापीठं एकूण 6.5 मागतात. काही ठिकाणी प्रत्येक भागात किमान बँडची वेगळी अट असते. म्हणजे त्या 14 मिनिटांत अर्धा बँड कमी पडला, तर प्रवेश पुढच्या सत्रावर जाऊ शकतो. परीक्षेची फी पुन्हा भरावी लागते. ज्या घरात शेतीच्या पैशातून किंवा शिक्षणकर्जातून पोरगं बाहेर पाठवायचं चाललंय, तिथे ही छोटी गोष्ट नाही.

मग गुण कशाचे मिळतात?

चार गोष्टींचे, आणि चौघींचं वजन सारखं: बोलण्यातला ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार.

या यादीत काय नाही तेही बघा. तुमचं मत बरोबर की चूक, तुमचे मित्र किती, तुम्ही भारी ठिकाणी फिरता की टपरीवर बसता, याला गुण नाहीत. "मला गप्पा अजिबात आवडत नाहीत" हे उत्तरही चालतं. फक्त ते का, हे सांगता आलं पाहिजे.

कट्ट्यावरचं बोलणं इथे का चालत नाही?

कट्ट्यावर आपण अर्धी वाक्यं बोलतो. "अरे त्याचं झालं ना ते?" एवढं म्हटलं तरी समोरच्याला सगळं कळतं. 'तो' कोण, 'ते' काय, हे सांगावंच लागत नाही, कारण सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं. शिवाय आपण थांबलो की दुसरा कुणीतरी बोलायला लागतो.

परीक्षकाला यातलं काहीच माहीत नसतं आणि तो आपलं वाक्य पूर्णही करत नाही. कोण, कुठे, कधी, का हे सगळं तुम्हालाच सांगायचं असतं.

म्हणून पहिल्या टप्प्यात दोन-तीन वाक्यांचा एक साधा साचा उपयोगी पडतो: थेट उत्तर, एक तपशील, एक कारण. जसं, "यस, ऑलमोस्ट एव्हरी इव्हिनिंग. थ्री ऑफ अस मीट ॲट अ टी स्टॉल निअर द बस स्टँड. वुई युज्वली टॉक अबाउट कॉटन प्रायसेस, बिकॉज ऑल अवर फॅमिलीज ग्रो इट."

यात एकही अवघड शब्द नाही. पण हे उत्तर फक्त त्याच पोराचं आहे, पाठ केलेलं नाही. परीक्षकाला पाठांतर लगेच ओळखू येतं आणि त्याने गुण वाढत नाहीत, उलट कमी होऊ शकतात. आपल्या भागातला शब्द वापरायलाही हरकत नाही. 'कट्टा' म्हणा आणि कट्टा म्हणजे काय ते एका वाक्यात इंग्रजीत समजावून सांगा. समजावता येणं हे भाषा येत असल्याचंच लक्षण आहे.

गप्पा म्हणजे गॉसिप नव्हे

आपल्याकडे गप्पांना सर्रास 'गॉसिप' म्हणतात. इंग्रजीत गॉसिप म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची त्याच्या पाठीमागे चर्चा. "आय लव्ह गॉसिपिंग विथ माय फ्रेंड्स" म्हटलं तर तुम्ही लोकांच्या चहाड्या करता असा अर्थ होतो. साध्या गप्पांसाठी 'चॅट', बऱ्याच दिवसांनी भेटून एकमेकांची खबरबात घेण्यासाठी 'कॅच अप', नुसता सोबत वेळ घालवण्यासाठी 'हँग आउट' आणि अनोळखी माणसाशी हवापाण्याचं बोलण्यासाठी 'स्मॉल टॉक' हे शब्द आहेत.

मराठीतून इंग्रजीत येताना होणाऱ्या चुका

- "आम्ही दहा वर्षांपासून एकमेकांना ओळखतो" याचं आपण "वुई आर नोइंग ईच अदर सिन्स टेन इयर्स" करतो. बरोबर वाक्य: "वुई हॅव नोन ईच अदर फॉर टेन इयर्स."
- "लास्ट संडे वुई हॅव मेट" नाही, "वुई मेट लास्ट संडे." वेळ नेमकी सांगितली की साधा भूतकाळ.
- "वुई डिस्कस अबाउट क्रिकेट" यातला 'अबाउट' जास्तीचा आहे. 'टॉक अबाउट' चालतं, 'डिस्कस' एकटाच येतो.
- 'मला सांगितलं'वरून "ही टोल्ड टु मी" येतं. इंग्रजीत "ही टोल्ड मी."

आणि आपला खान्देशी हेल?

अनेकांचं तोंड खरं तर इथे बंद होतं. धुळे, जळगाव, नंदुरबार आणि नाशिकच्या काही भागात घरोघरी अहिराणी बोलली जाते. 2011 च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे सुमारे 18.6 लाख लोक नोंदले गेले. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात 1907 सालीच तिची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. तरी पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलवर "शे" म्हटलं की हशा पिकतो. मग पोरं आधी अहिराणी लपवतात, नंतर मराठीही जपून बोलतात. इंग्रजीची वेळ येते तेव्हा कमी बोलण्याची सवय लागलेली असते.

या परीक्षेत हेलाला दंड नाही. तुमचं बोलणं समोरच्याला सहज कळतं का, हे पाहिलं जातं. ब्रिटिश किंवा अमेरिकन हेल ओढूनताणून आणला तर बोलणं उलट कमी कळतं. लक्ष द्यायचं ते अर्थ बदलणाऱ्या उच्चारांकडे. 'चॅट'चं 'चाट' झालं तर ऐकणारा गोंधळतो. 'स्नॅक' आणि 'स्नेक' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'स्कूल'च्या आधी 'इ' लावू नका. वाक्यात महत्त्वाच्या शब्दावर जोर द्या. बाकी हेल राहू द्या.

तयारी कशी करायची?

तयारीसाठी तुमचे मित्रच कामाला येतील. रोज एक विषय घ्या आणि दोन मिनिटांची व्हॉइस नोट मित्राला पाठवा. त्याने उत्तरात फक्त "का?" किंवा "म्हणजे?" एवढंच विचारायचं. मग तुम्ही पुन्हा बोलायचं. आठवड्याने पहिली नोट ऐका, कुठे थांबलात ते तुमचं तुम्हालाच कळेल.

परीक्षेच्या दिवशी प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्याचे गुण जात नाहीत. चूक झाली तर एकदा सुधारा आणि पुढे चला. परीक्षकाने मध्येच थांबवलं तर घाबरू नका, त्याला वेळ पाळायची असते. आणि बुकिंग करताना एक पाहून घ्या: बोलण्याची परीक्षा बाकीच्या भागांपेक्षा वेगळ्या दिवशी असू शकते. केंद्र बाहेरगावी असेल तर दोन खेपा पडतील, त्याची सोय आधीच करा. पासपोर्ट विसरू नका.

जे पोरगं टपरीवर दोन तास सगळ्यांना खिळवून ठेवतं, त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. समोरच्याला आधीचं काहीच माहीत नाही एवढं लक्षात ठेवून त्याने सुरुवातीपासून सांगायचं.