लेखनवर्ग-निश्चिती

अमेरिकी विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला लेखनाच्या कोणत्या वर्गात बसवायचे, हे ठरवण्याची पद्धत. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आणला. नामांकित शाळांतली मुलेही त्यात अडखळली आणि पुढे पहिल्या वर्षाचा सक्तीचा लेखनवर्ग रूढ झाला.

न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातल्या सर्व शालान्त उत्तीर्ण विद्यार्थ्यांना दारे उघडली, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. सिटी कॉलेजातल्या मिना शॉनेसी यांनी विद्यार्थ्यांनी वर्गनिश्चितीसाठी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध अभ्यासले. ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ (१९७७) या ग्रंथात त्यांनी दाखवले, की या निबंधांतल्या चुका आळसातून आलेल्या नसून त्यांच्यामागे काही एक तर्क असतो. एवढे होऊनही अनेक महाविद्यालये पर्यायी उत्तरांच्या संगणकीय चाचणीवर विसंबून राहिली. लेखन न करवताच लेखन जोखण्याचा हा अजब खटाटोप!

मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठात डॅनियल रॉयर आणि रॉजर गिल्स यांनी १९९६ मध्ये निवड विद्यार्थ्यावरच सोपवली. नेहमीचा आणि त्याखालचा पायाभूत असे दोन्ही अभ्यासक्रम समजावून सांगायचे, वाचन-लेखनाच्या सवयींविषयीची काही विधाने पुढे ठेवायची आणि निर्णय त्याला घेऊ द्यायचा. आत्मविश्वास कमी असलेला विद्यार्थी स्वतःला उगाच खालच्या वर्गात घालतो, हा यावरचा मुख्य आक्षेप.

कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने सामुदायिक महाविद्यालयांत वर्गनिश्चितीसाठी शाळेतल्या गुणांना महत्त्व दिले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानेही आपली इंग्रजी वर्गनिश्चिती परीक्षा रद्द केली.